दार आलं यवतमाळले

थावराकाका,

तुमच्या श्रद्धांजलीचा फलक मीच लिहिला. दारव्हा तहसीलच्या फाटकाजवळ, कडुनिंबाखाली, जिथे तुमचं टेबल असायचं तिथेच लावलाय. आधी लिहिलं होतं, 'गोरगरिबांचे झुंजार, निःस्पृह आणि तेजस्वी अर्जनवीस'. मग तुमची पेन्सिल आठवली आणि ती सगळी विशेषणं खोडली. आता फलकावर एवढंच आहे : थावरसिंग राठोड, अर्जनवीस. चहावाला म्हणाला, ताई, लय कमी नाई वाटत? मी म्हटलं, काका असते तर 'थावरसिंग'सुद्धा खोडला असता. लोक टेबलाकडे येतात, नावाकडे नाही, असं म्हणाले असते.

तुम्हाला जाऊन चौदा दिवस झाले. रडून झालं. तुमच्या तांड्यावर बायका तीन दिवस रडल्या आणि चौथ्या दिवशी तुमच्या नकला करायला लागल्या. तुमच्या नातीनं तर टोपी घालून, चष्मा नाकाच्या टोकावर आणून, 'बाई, तारीख सांग, रडनं मंग' असं म्हणून दाखवलं आणि सगळा तांडा हसला. मीही हसले. तेव्हापासून तुमचं काही आठवलं की आधी हसूच येतं, त्याला माझा इलाज नाही.

आपली पहिली भेट आठवते? मी कॉलेजात होते. माझं लहानपण पत्रकांत गेलं हे तुम्हाला माहीत आहे. बाबांच्या प्रत्येक आंदोलनाची उरलेली पत्रकं घरात गठ्ठ्यांनी पडलेली असायची आणि आई त्यांचीच कव्हरं माझ्या वह्यांना घालायची. माझ्या गणिताच्या वहीवर 'चलो नागपूर' होतं. गुरुजी वर्षभर विचारायचे, गेली नाही का अजून? अशा घरातली मुलगी अर्ज कसा लिहिणार? बसस्टँडवरच्या सभेसाठी लाउडस्पीकरची परवानगी हवी होती आणि मी दोन पानं लिहून आणली होती. 'आंधळ्या, बहिऱ्या आणि निगरगट्ट प्रशासनास' अशी सुरुवात होती.

तुम्ही चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "ज्याले परवानगी मागून राह्यली, त्यालेच आंधळा म्हणतं?"

मी म्हटलं, आहेच तो आंधळा.

"असन. पण विशेषणाले तहसीलदार उत्तर देत नाई. त्याले तारीख लागते, वेळ लागते, जागा लागते." आणि पेन्सिलीनं दोन पानांच्या पाच ओळी केल्या. परवानगी तिसऱ्या दिवशी मिळाली. मला इतका राग आला होता की मी तुमचे आभारही मानले नाहीत. त्या दिवसापासून तुम्ही मला पत्रकबाई म्हणायला लागलात आणि मी रोज दुपारी कॉलेज सुटलं की तुमच्या टेबलासमोरच्या स्टुलावर भांडायला यायला लागले.

तुमची एक रीत होती, ती मी दुसऱ्या कुठल्याही अर्जनवीसाकडे पाहिली नाही. अर्ज आधी मराठीत लिहायचा. मग ज्याचा आहे त्याला मोठ्यानं वाचून दाखवायचा. त्यानं मान हलवली की मगच तो टाइपरायटरवर चढायचा, मराठीत किंवा इंग्रजीत, जसा लागेल तसा. रांग लागलेली असायची, लोक कुरकुरायचे, तुम्ही वाचत राहायचात. ज्याचा अर्ज त्यालेच समजला नाई तर तो कोनाचा अर्ज, असं विचारायचात.

हमीदाबी त्याच रांगेतून आली. बोरी अरबची. तिची थोरली बहीण सकीनाआपा लग्न होऊन कराचीला गेली त्याला पन्नासहून जास्त वर्षं झाली होती. दोघींनी एकमेकींना त्यानंतर पाहिलं नव्हतं. आता म्हातारपणी सकीनाआपाला माहेर पाहायचं होतं आणि त्यासाठी इकडून हमीदाबीच्या सहीचं हमीपत्र पाहिजे होतं, शिवाय तिकडच्या फॉर्ममध्ये काय काय भरायचं त्याचा नमुना. तुम्ही तो तयार केला. रीतीप्रमाणे मराठीत वाचून दाखवला. कोणाकडे येणार, किती दिवस राहणार, भेटीचं ठिकाण यवतमाळ. हमीदाबीनं मान हलवली. मीही हलवली.

कागद कराचीला गेले आणि आपण व्हिसाची वाट पाहायला लागलो. वाट पाहता पाहता तुम्ही मला ते सगळे नियम समजावून सांगितले. पाहुण्याला सगळा देश खुला नसतो. व्हिसावर गावांची नावं लिहिलेली असतात, तेवढ्याच गावांत राहायचं. पोचल्यावर पोलिसांत हजेरी, निघताना हजेरी. का, तर आपल्या माणसाला तिकडे तसंच वागवतात म्हणून. आणि ते तसं का वागवतात? आपण त्यांच्या माणसाला इकडे तसं वागवतो म्हणून.

मी पेटलेच. त्याच संध्याकाळी घरी जाऊन मी 'परस्पर प्रवेश व वागणूक विधेयक' लिहून काढलं. दोन वैरी देशांतल्या साध्या माणसांसाठी कायदा. मला वाटलं होतं तुम्ही हसाल. तुम्ही चष्मा पुसला, पेन्सिलीला टोक केलं आणि म्हणालात, बस.

पहिलं कलम मी लिहिलं होतं : 'माणसाच्या भेटीला कुठलीही सीमा, कुठलंही सरकार, कधीही अडवू शकणार नाही.' तुम्ही विचारलं, तिकडचा कायदा तू करून राह्यली का इकडचा? मी म्हटलं, इकडचा. मग तिकडचं सरकार तुझं कायले ऐकन? मी म्हटलं, ऐकलंच पाहिजे. तुम्ही म्हणालात, हे पत्रक झालं बाप्पा, कायदा नाई झाला.

तुमचं कलम वेगळं होतं. तिकडे आपल्या माणसाला जेवढी मोकळीक, तेवढीच इकडे त्यांच्या माणसाला. बरोबरीचा व्यवहार. तो मला पटवून द्यायला तुम्ही तुमच्या पूर्वजांना उठवून आणलंत. तुमच्या आजोबांचे आजोबा बैलांच्या पाठीवर धान्य लादून फौजांच्या छावण्यांत न्यायचे. दोन फौजा एकमेकींवर तोफा रोखून उभ्या असायच्या आणि मधून लमाणांचे बैल घंटा वाजवत जायचे. दोन्हीकडून वाट मिळायची.

"आमच्यावर कोनी माया नाई केली," तुम्ही म्हणालात. "दोघांच्याबी पोटात भूक होती. दोघांले दाना पाह्यजे होता. म्हणून दोघं वाट देत. गरज दोन्हीकडून असली का कायदा टिकते."

मी म्हटलं, म्हणजे ज्याच्या पाठीवर धान्य नाही त्याला वाट नाही? हमीदाबीच्या बहिणीच्या पाठीवर काय आहे? तुमचं कलम म्हणजे दोन्ही बाजूंनी लावलेलं कुलूप आहे काका. एक सरकार माजलं की दुसऱ्यानं त्याची शिक्षा म्हातारीला द्यायची.

दोन महिने आपण त्या एका कलमावर भांडलो. स्टॅम्पवाला, चहावाला, तारखेला आलेले शेतकरी, सगळ्यांनी बाजू घेतल्या होत्या. तुमच्या बाजूनं जास्त लोक होते हे मी तेव्हाही मान्य केलं नाही आणि आजही करत नाही.

मग व्हिसा आला, आणि त्यावर ठिकाण होतं यवतमाळ. फक्त यवतमाळ.

तुम्ही त्या कागदाचा फोटो हमीदाबीच्या मुलीच्या मोबाइलवर पाहिलात आणि तुमचा हात तसाच थांबला. मला आधी कळलंच नाही. मग कळलं. आपल्याकडे बाहेरगावी कोणी विचारलं की आपण सगळेच यवतमाळचे असतो. नागपुरात, मुंबईत, गाडीत कोणी विचारलं तर बोरी अरब कोण सांगतं? तुम्ही आयुष्यभर हजारो अर्जांच्या शेवटी 'जिल्हा यवतमाळ' लिहिलं होतं, हाताला तीच सवय होती. तुम्ही वाचून दाखवलंत तेव्हा आम्हीही त्याच सवयीनं माना हलवल्या. आता व्हिसा यवतमाळ शहराचा होता. सकीनाआपा पन्नास वर्षांनी येणार होती आणि माहेरच्या अलीकडे थांबणार होती, कारण यवतमाळच्या हद्दीबाहेर पाऊल टाकलं तर तिच्यावर गुन्हा होता आणि हमीपत्रावर सही करणाऱ्या हमीदाबीवरही.

मी तुम्हाला कधी इतकं लहान झालेलं पाहिलं नव्हतं. मी म्हटलं, नियमच मूर्खपणाचा आहे, चूक तुमची नाही. तुम्ही म्हणालात, नियम मूर्ख हाय हे मले ठाऊक होतं. ठाऊक असून लिवलं. मंग चूक कोनाची?

दुरुस्तीचे अर्ज केलेत. उत्तर यायच्या आत सकीनाआपा येऊन पोचली. वाघा सीमेवरून, मग दोन दिवस रेल्वे, मग यवतमाळात हमीदाबीच्या मुलीच्या दोन खोल्यांच्या घरात. पोलिसांत हजेरी लागली. बहिणी भेटल्या. ती भेट मी पाहिली नाही, तुम्हीही नाही, आपण दोघंही मुद्दाम गेलो नाही. पण दुसऱ्या दिवशी हमीदाबी तुमच्या टेबलाशी आली. तिनं तक्रार केली नाही. एवढंच सांगितलं की आपा रात्रभर एकच विचारून राह्यली, आपल्या घराचं दार तेच हाय का? आणि ते तर मागच्या वर्षीच काढलं, लोखंडी बसवलं, जुनं गोठ्यात टेकवून ठेवलं.

तुम्ही उठून उभे राहिलात. टाइपरायटर झाकला, भरदुपारी, रांग असताना. आणि म्हणालात, "चौकटीसकट हाय का?"

काका, त्या दिवसाबद्दल मी कधी लिहिलं नाही, कारण मला विशेषणांची भीती वाटत होती. आज सरळ सांगते. तीन दिवसांनी बोरी अरबहून तीन काळीपिवळ्या आणि एक टेम्पो यवतमाळला आला. टेम्पोत दार होतं. सागवानी, दोन फळ्यांचं, कडीकोयंड्यासकट, चौकटीसकट. गाड्यांतून गाव आलं होतं. सकीनाआपाच्या वयाच्या जेवढ्या बायका उरल्या होत्या त्या सगळ्या, त्यांच्या सुना, आणि शेजारचा मारोतीआबा, ज्यानं तिच्या लहानपणी तिच्या बोरांचा ओचा हिसकून पळ काढला होता. तो येताना शेरभर बोरं घेऊन आला होता. कर्ज फेडायला नाही म्हणाला, तोंड बंद करायला.

अंगणात चौकट उभी केली. एका बाजूनं मारोतीआबानं धरली, दुसऱ्या बाजूनं तुम्ही. दोघांची मिळून दीडशे वर्षं वय असेल आणि चौकट सागवानाची. मी म्हटलं, मी धरते. तुम्ही म्हणालात, चूक माही हाय, वजनबी मीच उचलतो. हमीदाबी दाराच्या मागे गेली आणि तिनं आतून कडी लावली. हे कोणी ठरवलं नव्हतं. मागे भिंत नव्हती, छप्पर नव्हतं, दोरीवर मुलीच्या घरचे कपडे वाळत होते, आणि तरी तिनं कडी लावली.

सकीनाआपा पुढून आली. दाराला हात लावला. खालच्या फळीवर एक खाच होती, ती बोटांनी शोधली. मग कडी वाजवली.

आतून हमीदाबी म्हणाली, "कोन हाय वं?"

"मी हाव. दार खोल. किती वेळ लावतं?"

पन्नास वर्षं कराचीत राहून ती बाई आमच्यापेक्षा जुनी वऱ्हाडी बोलत होती. दार उघडलं आणि ती आत गेली, म्हणजे अंगणाच्या या बाजूकडून त्या बाजूला गेली. मग बाकीच्या बायका गेल्या. मग मुलं. मग सगळे इकडून तिकडे आणि तिकडून इकडे करायला लागले. सकीनाआपा स्वतः सहा-सात वेळा गेली, दर वेळी उंबरठ्यावर पाय उचलून, आणि दर वेळी काहीतरी वेगळी आज्ञा सोडून. पाणी आण. शेळी बांधली का? अब्बा आले का?

एवढ्यात हजेरी तपासायला पोलीस आला. गर्दी पाहून थबकला. हे काय चाललंय, त्यानं विचारलं. तुम्ही चौकट न सोडता, घामानं निथळत, जे उत्तर दिलंत ते आजही तहसीलच्या आवारात लोक एकमेकांना ऐकवतात :

"साहेब, बाई यवतमाळातच हाय. कायद्यात हाय. दार आलं यवतमाळले. दाराले व्हिसा लागत नाई."

त्यानं दाराच्या फळीवर बोटानं टकटक केलं. मग विचारलं, सागवान आहे का? आणि मारोतीआबाच्या बाजूनं चौकट कलायला लागली होती, तेव्हा येऊन ती बाजू त्यानं धरली. वर्दीत. मी तोवर पोलिसांविरुद्ध दहा-बारा पत्रकं लिहिली होती. त्या दिवसानंतरही लिहिली. पण लिहिताना तो डोळ्यांसमोर येतो आणि एखादा शब्द कमी होतो, याला तुम्ही जबाबदार आहात.

सकीनाआपा महिनाभरानं गेली. जाताना हमीदाबीनं तिचा डबा घासून पुसून पुढे केला. येताना त्यात तिनं खजूर-बदामाच्या वड्या आणल्या होत्या. आपल्याकडे कोणाचा डबा रिकामा परत करत नाहीत, म्हणून हमीदाबीनं त्यात बोरकूट भरलं होतं. सकीनाआपानं बोरकूट पिशवीत ओतून घेतलं आणि डबा परत तिच्या हातात दिला. म्हणाली, मी तुह्या घरी आनला, तू माह्या घरी आन. भरून आन. इथं हातात घेऊन मी कायले जाऊ?

हे मी तुम्हाला टेबलावर येऊन सांगितलं. तुम्ही ऐकलं, ड्रॉवरमधून विधेयक काढलं, आणि दोन महिने लढवलेलं तुमचं कलम स्वतःच्या हातानं खोडलं.

"या बाईनं एका डब्यात केलं," तुम्ही म्हणालात. "एकानं डबा भरून पाठवला का दुसऱ्यानं भरून पाठवा. हे बरोबरीचं. पण कोनाच्या घरून डबा नाई आला म्हणून आपन त्याच्या घरी दगड भरून पाठवतो का?"

मग नवं कलम तयार झालं. एका देशानं दिलेली सवलत दुसऱ्यानं निदान तेवढी परत द्यावी, आणि नकाराची परतफेड नकारानं करू नये. मी नाचायचीच बाकी होते. मला वाटलं मी जिंकले. तेवढ्यात तुम्ही खाली एक ओळ जोडलीत : 'या कलमाचा दर वर्षी फेरविचार होईल.' मी म्हटलं, कशाला? एकदा उघडलं ते कायम उघडं. तुम्ही म्हणालात, कायद्यात कायम नसते. माणसाचा राग दर वर्षी बदलते, त्याले दर वर्षी एकदा टेबलावर बसवा लागते. मी म्हटलं, फेरविचार म्हणजे दार बंद करायला ठेवलेली फट. तुम्ही म्हणालात, पत्रकबाई, फटीतून उजेडबी येते.

तो वाद राहिला. विधेयक आपण दोन्ही मतांसकट पाठवलं, खासदारांना, मंत्र्यांना, पलीकडच्या वकिलातीलाही. उत्तर कुठूनच आलं नाही. एका कार्यालयातून फक्त पोच आली, शिक्का मारलेली, दोन ओळींची. तुम्ही त्या पोचेवर तहसीलभर पेढे वाटलेत. लोकांना वाटलं नात झाली. तुम्ही म्हणालात, कायदा पोचला. आता त्याले चालत जाऊ द्या, बैलासारखा.

आता ते सांगते जे तुम्हाला सांगायचं राहिलं.

मध्यंतरी हल्ला झाला, रक्त सांडलं. तुम्हाला माहीत आहे मी कशाबद्दल बोलते. दोन्हीकडची दारं धाडधाड लागली, व्हिसे रद्द झाले, आलेली माणसं दिवस मोजून परत पाठवली गेली. मी तीन दिवस बातम्या पाहिल्या आणि चौथ्या दिवशी तुमच्याकडे एक पत्रक घेऊन आले. मी, जी 'कायम उघडं' म्हणत होते. त्यात लिहिलं होतं की आता बस, एकही दार उघडं ठेवू नका, कोणासाठीही नाही.

तुम्ही ते वाचलं. पेन्सिल हातात होती. मी वाट पाहत होते तुम्ही कुठे खोडता त्याची. तुम्ही पेन्सिल खाली ठेवली.

"याच्यात खोडासारखं काई नाई. सगळंच विशेषण हाय."

मी भांडायला तोंड उघडलं. तुम्ही हात वर केला. राग खोटा हाय असं मी म्हणत नाई, असं म्हणालात. मलेबी हाय. पण रीत माहीत हाय ना तुले? ज्याचा कागद त्याले आधी वाचून दाखव. हमीदाबीले वाचून दाखव. तिनं मान हलवली तर मी टाइप करून देतो, पैसे न घेता.

मी तिरीमिरीत उठले आणि बोरीची बस पकडली. दुसऱ्या दिवशी तुमच्याकडे आले तेव्हा त्या पत्रकाचा विषय मी काढला नाही आणि तुम्हीही विचारलं नाही. त्यानंतर कधीच नाही. तुम्हाला वाटलं असेल मी गेलेच नाही. गेले होते, काका. हमीदाबी तूर निवडत बसली होती. तिनं चहा ठेवला. पत्रक माझ्या पिशवीत होतं. समोरच्या फळीवर तो डबा होता, झाकणावर फडकं बांधलेला. तिनं माझी नजर पाहिली आणि म्हणाली, दर हिवाळ्यात नवं बोरकूट भरतो, जुनं पोरं खातात. आपा फोनवर शिव्या देते, डबा दाबून बसली म्हणते.

मी तासभर बसले. तूर निवडू लागले. पत्रक बाहेर काढलं नाही. परतीच्या बसमध्ये फाडलं.

तर तुम्ही बरोबर होतात, फेरविचाराबद्दल. माझं 'कायम' पहिल्याच रक्ताला तीन दिवसांत मोडलं. मला परत आणलं ते तुमच्या रीतीनं, त्या वाचून दाखवायच्या अटीनं. हे मी तुमच्या तोंडावर कबूल केलं असतं तर तुम्ही किती दिवस मिरवलं असतं याचा अंदाज आहे मला, म्हणूनच केलं नाही. पण माझी एक दुरुस्ती आहे, ती नोंदवून घ्या. फेरविचार उघड्या दाराचा होतो, तसा बंद दाराचाही व्हावा. दर वर्षी. बंद ठेवणाऱ्यानं दर वर्षी टेबलावर बसून सांगावं की अजून का बंद आहे, आणि ज्याच्यासाठी बंद आहे त्या माणसाला ते मोठ्यानं वाचून दाखवावं. यावर तुमचं म्हणणं काय आहे ते मला आता कळणार नाही. मी मात्र मधूनमधून तुमच्या वतीनं आक्षेप घेत असते आणि ते चांगले आक्षेप असतात.

काल तुमची तेरवी झाली. हमीदाबी तांड्यावर आली होती, एकटीच, बस बदलून. पंगतीत बसली, तुमच्या नातीकडून तुमची नक्कल करवून घेतली, पोट धरून हसली, मग डोळे पुसले. निघताना मला बाजूला घेतलं आणि म्हणाली, अर्ज लिव.

मी म्हटलं, कसला अर्ज? व्हिसे बंद आहेत. पासपोर्टची मुदत संपलीय. कोणी घेणारसुद्धा नाही.

"देतीन तवा देतीन. अर्ज तयार पाह्यजे. तुह्या काकाचा अर्ज तयार असायचा."

तर आज सकाळी मी तुमच्या टेबलावर बसले. तुमच्या सुनेनं किल्ली दिली होती. टाइपरायटरवरचं प्लास्टिक काढलं, पेन्सिलीला टोक केलं. स्टॅम्पवाल्यानं विचारलं, बसतं का आता तू इथं? मी म्हटलं, आजचा दिवस. तो म्हणाला, काकाबी पहिल्या दिवशी असंच म्हणालते.

हमीदाबी स्टुलावर बसली, माझ्या जागेवर. मी आधी मराठीत लिहिलं आणि तिला वाचून दाखवलं. नाव. वय. कोणाकडे जाणार. मग आला भेटीच्या ठिकाणाचा रकाना आणि आम्ही दोघी एकमेकींकडे पाहून हसायलाच लागलो. कराची एवढ्यावर मी सोडलं नाही. मोहल्ला लिहिला, गल्ली लिहिली, गल्लीतलं चौथं घर लिहिलं. तिनं सकीनाआपाला फोन लावून खात्री करून घेतली. पलीकडून आवाज आला की हिरव्या जिन्यानं वर या म्हणावं. तेही लिहिलं. रकान्यात मावेना, समासात लिहिलं.

मग शेवटचा रकाना. भेटीचं कारण. माझ्या डोक्यात लगेच ओळी तयार झाल्या, तुम्हाला माहीतच आहे कशा. दुरावलेली नाती, माणुसकीची हाक, वगैरे. मी पेन्सिल उचलली आणि ती तशीच हवेत राहिली. मी हमीदाबीला विचारलं, काय लिहू?

ती म्हणाली तेवढंच लिहिलं, तिला परत वाचून दाखवलं, तिनं मान हलवली, आणि मग टाइपरायटरवर चढवलं :

'डबा परत करणे.'